टॉवरकाका आणि हजार फुटांची चूक

बदलापूर स्टेशनबाहेर टॉवरकाका रिक्षात बसायला आले की रिक्षा दोन मिनिटं जागची हलायची नाही. "खरवई, शाळेच्या पुढे दुसरी गल्ली," असं ते सांगायचे. रिक्षावाला म्हणायचा, "हां, बसा." पण काका बसायचे नाहीत. एक पाय आत, एक बाहेर, असे उभेच.

"कुठे जायचं ते आता तुम्ही सांगा."

"खरवई ना काका?"

"खरवईत कुठे?"

"शाळेकडे."

"अलीकडे की पुढे?"

"पुढे, दुसरी गल्ली! आता बसताय का, पीछे लाइन लगी है."

मग काका समाधानाने बसायचे. नवीन रिक्षावाल्यांना ते चक्रम वाटायचे. जुन्यांना सवय झाली होती. ते काकांना लांबून पाहूनच ओरडायचे, "खरवई, शाळेपुढे दुसरी गल्ली, भोईरसाहेब!"

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एक सिंधी शिंपी होता. काका त्याच्याकडे पँटी शिवायला टाकायचे. मापं घेऊन झाली की काका म्हणायचे, "अब आप बोलो." शिंपी म्हणायचा, "साईं, लिख लिया है ना." काका म्हणायचे, "लिखा हुआ ही पढ़ के बोलो." एकदा त्याने कुरकुरत वाचलं, तर कंबर अडतीस आणि लांबी चौतीस निघाली. कंबर-लांबीची अदलाबदल झाली होती. त्यानंतर तो शिंपी प्रत्येक गिऱ्हाइकाला मापं वाचून दाखवायला लागला आणि हे आपल्याला कोणी शिकवलं तेही सांगायचा. काकूंना मात्र या सवयीचं कौतुक नव्हतं. त्या म्हणायच्या, "आमच्या लग्नात भटजींनी सुटका करून घेतली म्हणून. नाहीतर यांनी त्यांना सगळी मंगलाष्टकं परत म्हणायला लावली असती."

काका दूरच्या एका शहरात विमानतळावर एअर ट्रॅफिक कंट्रोलर होते, रजेवर गावी यायचे. टॉवरमध्ये बसून विमानांना वाट देणारे. खरवईच्या शेतकरी घरातून या नोकरीत गेलेले ते पहिलेच, म्हणून सगळं गाव त्यांना टॉवरकाका म्हणायचं. गावातल्या अर्ध्या लोकांना मोबाइलचा टॉवर वाटायचा आणि रेंज गेली की ते काकांकडे तक्रार करायचे. काका तक्रार नीट ऐकून घेत, ती जशीच्या तशी परत म्हणून दाखवत आणि मग सांगत की हे काम माझं नाही.

मला मात्र हे काहीच माहीत नव्हतं. माझ्यासाठी ते आधी नुसता एक आवाज होते.

मी अंबरनाथच्या बुवापाड्यातली. वडील एका कारखान्यात फिटर. मला विमान चालवायचं होतं, शिष्यवृत्ती मिळाली आणि एका दूरच्या शहरातल्या फ्लाइंग स्कूलमध्ये मी दाखल झाले. त्या शहराच्या विमानतळावर दिवसाला मोजकी प्रवासी विमानं उतरायची. मधल्या वेळात आमची दोन माणसांची छोटी विमानं त्याच आकाशात चकरा मारायची. टॉवरमध्ये चार-पाच कंट्रोलर आळीपाळीने असत. त्यांतल्या एका आवाजाला आम्ही सगळी पोरं टरकून असायचो. आवाज खर्जातला, संथ, कधीही न चढणारा. हा आवाज 'रॉजर' हे उत्तर चालवून घ्यायचा नाही. आपण घाईत 'रॉजर' म्हटलं की तो शांतपणे विचारायचा, काय समजलं ते सांगा. संपूर्ण वाक्य परत म्हटल्याशिवाय सुटका नसायची. या आवाजाचा माणूस सहा फुटी आणि मिशीवाला असणार, असं आमचं ठरलं होतं.

आकाशात मोठ्या आणि छोट्या विमानाची गाठ पडू नये याची रीत ऐकायला सोपी आहे. दोघांना वेगवेगळी उंची द्यायची, मध्ये निदान हजार फूट ठेवायचे. कंट्रोलर उंची सांगतो, वैमानिक ती परत म्हणून दाखवतो, कंट्रोलर ती ऐकून घेतो. चुकलं असेल तर तो लगेच दुरुस्त करतो. बरोबर असेल तर गप्प राहतो. तिथे तेव्हा रडार नव्हतं. आम्ही किती उंचीवर आहोत हे टॉवरला फक्त आमच्याच तोंडून कळायचं.

माझ्या एकटीच्या लांबच्या उड्डाणांपैकी ते चौथं होतं. परत येताना शहराच्या पूर्वेला एक मोठा तलाव लागायचा. तिथे पोचलं की टॉवर आम्हाला खाली उतरून गोल फिरत थांबायला सांगायचा आणि मला दर वेळी तिथे साडेतीन हजार फूट मिळायचे. त्या दिवशी त्या आवाजाने सांगितलं, "टू थाउजंड फाइव्ह हंड्रेड." अडीच हजार. मी परत म्हटलं, "थ्री थाउजंड फाइव्ह हंड्रेड." आवाज गप्प राहिला. मी साडेतीन हजारांवर आले आणि तलावावर गोल फिरायला लागले. बिनघोर होते. डबा उतरल्यावर खायचा की हॉस्टेलवर, याचा विचार करत होते.

हवा धुरकट होती. समोरच्या काचेवर मला एक पांढरा ठिपका दिसला. तो सरकत नव्हता. एकाच जागी होता आणि मोठा होत होता. त्याला पंख फुटले तेव्हाच रेडिओवर एका अनोळखी पायलटचा घाईतला आवाज आला, की आमच्या यंत्राने वर जायचा आदेश दिलाय, आम्ही वर चाललोय. मोठ्या विमानांत असं एक यंत्र असतं. आसपासच्या विमानांकडून उंचीचा इशारा घेऊन ते धोका ओळखतं आणि वैमानिकाला वर किंवा खाली जायला सांगतं. पण छोट्या विमानाने आपला इशारा चालू ठेवलेला असला तरच. माझा चालू होता. त्यात माझी हुशारी नव्हती. यादीत लिहिलं होतं म्हणून ते बटण मी फिरवलं होतं.

मी काहीच केलं नाही. हात दांड्यावर तसेच राहिले. त्या विमानाचं नाक वर उचललं गेलं आणि ते माझ्या डोक्यावरून गेलं. त्याच्या पोटावरची चाकांची दारं मला दिसली. एवढं मोठं काही इतक्या जवळून जाताना आवाज मात्र मागाहून आला. मग माझं विमान होडीसारखं डावीकडे कलंडलं, ते मी सावरलं.

मग त्या आवाजाने माझी उंची विचारली. मी सांगितली. त्याने मला दिशा दिली, खाली घेतलं, धावपट्टीवर उतरवलं. शेवटपर्यंत आवाज रोजचाच होता. खर्जातला, संथ.

संध्याकाळी आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी मला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण शाळा चालवायची होती. समोर कोरा कागद ठेवून ते म्हणाले, "घाबरू नकोस. लिही, की रेडिओत खरखर होती, आकडा नीट ऐकू आला नाही. सगळे असंच लिहितात. यंत्राला कोणी काढून टाकत नाही."

मी एकोणीस वर्षांची होते. शिष्यवृत्ती गेली असती तर परत मिळणार नव्हती. मी लिहिलं, खरखर होती. सही केली. चौकशी होईपर्यंत माझं उडणं बंद झालं आणि मला घरी पाठवलं.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं की सुट्टी आहे. वडिलांना खरं सांगितलं, म्हणजे कागदावर लिहिलं होतं तेच खरं म्हणून सांगितलं.

आठवड्याभराने एका रविवारी सकाळी दार वाजलं. बाहेर एक बुटका, सडपातळ माणूस उभा होता. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, विमा-बिमा विकणारा असेल. तो म्हणाला, "नमस्कार. मी भोईर. बदलापूरचा, खरवईचा."

आवाज टॉवरमधला होता. मी दाराची चौकट धरली.

वडिलांनी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. काकांनी पिशवीतून काकड्या काढून आईच्या हातात दिल्या. "घरच्या आहेत," म्हणाले. मग सरळ मुद्द्यावर आले. "माझं निवेदन मी त्याच दिवशी दिलंय. चौकशीतलं माझं सगळं बोलून झालंय, म्हणून आता आलो. आधी येणं बरोबर नव्हतं. तुमचा पत्ता कागदावर पाहिला, अंबरनाथ. म्हटलं, आपल्या वाटेवरच आहे."

एकोणीस वर्षांच्या मुलीला ते अहो-जाहो करत होते. पुढेही कायम तसंच केलं. रेडिओवर लहान-मोठं कोणी नसतं, असं त्यांचं म्हणणं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "पस्तीसशेवर मोठं विमान होतं आणि तुम्ही पस्तीसशे म्हणालात. ते पकडणं माझं काम होतं. माझ्या एका हातात शेजारच्या विमानतळाचा फोन होता. मी अडीच हजार बोललो होतो, म्हणून मला अडीच हजारच ऐकू आलं. माणूस कानाने ऐकत नाही, अंदाजाने ऐकतो. तुमचंही तेच झालं. दर वेळी जे मिळतं तेच तुम्ही ऐकलंत."

मी मान खाली घातली. ते पुढे म्हणाले, "रेडिओवरच्या बोलण्याची टेप मी ऐकली. तीन वेळा. आवाज स्वच्छ आहे. खरखर कुठेच नाही."

स्वयंपाकघरात आईचा कपबशांचा आवाज थांबला.

"तुमचं नुकसान व्हावं म्हणून मी हे सांगत नाही," काका म्हणाले. "पण तुमचा कागद तसाच राहिला तर काय होईल, सांगू? ते नवीन रेडिओ मागवतील. बसवतील. आणि तलावावर पुढच्या पोराला जे ऐकायची सवय आहे तेच ऐकू येईल."

मी काही बोलायच्या आत वडील बोलले. वडील कमी बोलायचे. "आमच्याकडे प्रेसखाली एकाचं बोट गेलं," ते म्हणाले. "सगळ्यांनी लिहून दिलं, मशीन खराब. मी पण दिलं. मशीन बदललं. खरं म्हणजे काम उरकावं म्हणून आम्हीच सेफ्टीची जाळी काढून ठेवायचो. नव्या मशीनची पण काढली. चार महिन्यांत दुसऱ्याचं गेलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुला कोणी लिहायला सांगितलं, ते मला नको सांगूस. तू परत लिही."

मी रडले. काका तोवर चहा पीत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले होते. निघताना दारात ते म्हणाले, "काय लिहिणार, ते एकदा सांगा." मी सांगितलं, आवाज स्पष्ट होता, मी चुकीचा आकडा ऐकला आणि चुकीचाच परत म्हटला. त्यांनी मान हलवली आणि चपला घातल्या.

नवीन निवेदन पाठवल्यावर माझं काही भलं झालं नाही. आमचे प्रशिक्षक माझ्याशी दीड वर्ष नीट बोलले नाहीत. पाच महिने माझं उडणं बंद राहिलं, पुन्हा परीक्षा द्यावी लागली. पण शिष्यवृत्ती टिकली. निकालाच्या कागदात लिहिलं होतं की विद्यार्थिनीने स्वतःहून खरी हकिगत सांगितली. काकांना खुर्चीवरून काढून प्रशिक्षणाला पाठवलं. परत आल्यावर कित्येक आठवडे त्यांनी आपल्याहून बारा वर्षांनी लहान माणसाच्या देखरेखीखाली काम केलं. त्यांची बढती त्या वर्षी झाली नाही, पुढच्याही वर्षी नाही. मी एकदा विचारलं, वाईट वाटलं का? ते म्हणाले, "बढतीचं वाटलं. देखरेखीचं नाही. तो पोरगा चांगला ऐकतो."

उडणं बंद होतं त्या पाच महिन्यांत काका रजेवर खरवईला आले की मला बोलावून घ्यायचे. गावाच्या कडेला तेव्हा नव्या इमारतींची कामं चालू होती, पण त्यांचं घर जुनंच होतं. पुढे ओटी, मागे भाताचं शेत. ओटीवर त्यांची आई सुपात तांदूळ घेऊन बसलेली असायची. तिला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की ही अंबरनाथची पोर, हिची परीक्षा आहे. मला ते 'अंबरनाथ' याच नावाने हाक मारायचे. "या अंबरनाथ. बसा. आज तुम्ही टॉवर."

ते वैमानिक व्हायचे, मी टॉवर. मी उंची सांगायची, त्यांनी परत म्हणायची, आणि दहांतल्या एका वेळी ते मुद्दाम चुकीची म्हणायचे. मी ती पकडायची. मधेच ते मला माझ्या आईच्या संधिवाताबद्दल विचारायचे, किंवा काकू आतून चहाचं विचारायच्या. तेवढ्यात काका चूक सरकवून द्यायचे. पहिल्या दिवशी मी सातांपैकी एकच पकडली. त्या दिवशी मला ती खुर्ची काय असते ते कळलं, आणि त्या एका क्षणाच्या गप्प राहण्याबद्दल मनात जो थोडासा राग होता तोही गेला.

आजी अंगणातून घरात निघाल्या की काका म्हणायचे, "मोठं विमान उतरतंय. अंबरनाथ, तुमचं छोटं कुठे ठेवणार?" आजी सूप सांभाळत म्हणायच्या, "मना नाय कलत तुमचा काय चाललाय तो. पोरीला च्या दिला का कोनी?"

शेताच्या बांधावर उभं राहून ते मला घारी दाखवायचे. "रेडिओ चुकेल, यंत्र बंद पडेल. डोळे बंद ठेवायचं कारण नाही. ती बघा, झाडावरून सरकतेय ती घार. ती आपल्याला लागणार नाही. जी एकाच जागी दिसते आणि मोठी होते, तिची काळजी करा." मी म्हटलं, मला माहीत आहे. ते म्हणाले, "हो. तुम्हाला सांगायची गरज नाही." आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज किंचित घसरल्यासारखा वाटला.

त्या दिवसाबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, की मला उतरवून झाल्यावर त्यांनी स्वतःच सोबतीच्या कंट्रोलरला खुर्ची दिली आणि लगेच निवेदन लिहायला बसले.

माझं पुढे रीतसर झालं. परवाना मिळाला, काही वर्षं वाट बघण्यात गेली, मग प्रवासी विमानांवर नोकरी लागली. दिवाळीला मी खरवईला जायचे. काका पुन्हा खुर्चीवर पक्के बसले होते. त्या विमानतळावर रडार आलं, त्याचं त्यांना फार कौतुक वाटलं. पण रडारवर उंचीचा आकडा दिसत असला तरी ते वैमानिकाला विचारून खात्री करायचे. छोट्या विमानांचे ते आकडे कधीकधी यंत्राच्या दोषाने चुकतात आणि मोठ्या विमानातलं यंत्र त्याच आकड्यावर भरवसा ठेवतं. एकदा असा चारशे फुटांचा फरक त्यांनी बोलता बोलता पकडला. ते विमान दुरुस्त होईपर्यंत उडालं नाही. त्याची बातमी कुठे आली नाही. न घडलेल्या गोष्टीची येत नाही.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना ते अचानक कार्यालयीन कामावर आल्याचं कळलं. मी काकूंना फोन केला. त्या वैतागलेल्या होत्या. "त्यांनाच विचार. स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा मारून घेतलाय."

काका म्हणाले, "फाइव्ह आणि नाइनमध्ये माझी गल्लत व्हायला लागली होती. दोनदा झाली. दोन्ही वेळा मी परत विचारून घेतलं, काही बिघडलं नाही. पण मी डॉक्टरकडे गेलो."

"तपासणी तर आठ महिन्यांनी होती ना? तोवर कानाला यंत्र लावून, किंवा..."

"आठ महिन्यांत विमानं किती येतात, अंबरनाथ?"

त्यांचा डावा कान गेला होता, उजवा जात होता. नंतर ते खरवईला कायमचे राहायला आले तेव्हा कानात मशीन होतं आणि रिक्षावाल्यांची पंचाईत दुप्पट झाली होती. आता ते वाक्य दोनदा म्हणायला लावायचे. एकदा रिक्षावाल्याची खात्री व्हावी म्हणून, एकदा स्वतःची.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक झाली. उतरताना यंत्रात मी उंची हजार फुटांनी खालची लावली. काही सेकंदांतच माझ्या ध्यानात आलं आणि मी ती सुधारली. विमान त्या उंचीच्या जवळपासही गेलं नव्हतं. टॉवरला कळलं नाही, प्रवाशांना तर नाहीच. माझ्या शेजारी नागपूरचा एक सहवैमानिक होता, माझ्याहून जरा मोठाच, वायुदलातून आलेला. उतरल्यावर मी अहवाल लिहायला घेतला. तो म्हणाला, "मॅडम, हे कोणाच्या लक्षातही आलेलं नाही." मी म्हटलं, "माझ्या आलंय." तो थोडा वेळ बॅग आवरत राहिला. मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मग माझंही एक वाक्य घाला. ते बघणं माझं काम होतं आणि मी चहाच्या झाकणाशी खेळत होतो."

हे मी काकांना फोनवर सांगितलं. त्यांना सगळं ऐकू यावं म्हणून ओरडून सांगितलं. हॉटेलच्या गॅलरीतले लोक बघायला लागले. काकांनी सगळं परत म्हणून दाखवलं. मग म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांगा."

गेल्या वर्षी श्रावणात ते गेले. सकाळी शेतावर बांध बघायला गेले आणि तिथेच बसले, ते उठले नाहीत. मी तेव्हा दिल्लीला होते. उतरल्यावर फोन चालू केला तर काकूंचे चार मिस्ड कॉल होते. मला रजा मिळून खरवईला पोचायला दहावा दिवस उजाडला.

घर माणसांनी भरलं होतं. टॉवरमधले त्यांचे सहकारी लांबून आले होते. ज्याच्या देखरेखीखाली काकांनी काम केलं होतं तोही होता, आता तो तिथला मुख्य आहे. तो कोपऱ्यात उभा राहून लहान मुलासारखं डोळे पुसत होता. काकू मला गळ्याशी धरून रडल्या. मग कोणीतरी त्यांना आत बोलावलं आणि मी ओटीवर आजींपाशी जाऊन बसले.

आजी नव्वदीला टेकल्या आहेत. मुलगा गेल्याचं त्यांना कळत होतं, पण मधेच त्या शेताकडे बघून तो अजून कसा आला नाही असं म्हणायच्या. माझा हात हातात घेऊन त्या बोटं चाचपत बसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तू पन इमानातली ना गो? मना एक सांग. तो दर वर्साला एका दिवशी जेवायचा नाय. मी इचारला तर बोलायचा, आई, माज्या हातनं एक पोर मेली असती त्या दिवशी. ती पोर कोन, कुठली, त्यानं मना कवाच नाय सांगितला. तुला ठावं हाय?"

मला उपवासाचं माहीत नव्हतं. सोळा वर्षं मी त्या ओटीवर येत होते. चहा प्यायले होते, जेवले होते, आजींच्या हातचे तांदूळ बांधून घरी नेले होते.

"मीच ती, आजी," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग माझ्या गालावर, कानावर, खांद्यावर हात फिरवला, कुठे काही लागलंय का ते बघावं तसा. आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी सुनेला हाक मारली.

"हिला पान वाढा गो," त्या म्हणाल्या. "माज्या शेजारी वाढा."